द्राक्षांच्या ट्रॉलीचे पाटे नरम करून घेताना: एका कमानपाटा वर्कशॉपचा अनुभव

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे आणि बागेपासून पॅकहाऊसपर्यंतचे अंतर सात किलोमीटर आहे. त्यांपैकी शेवटचे चार किलोमीटर डांबरी असले, तरी सुरुवातीचा तीन किलोमीटरचा रस्ता खडीचा आणि खड्ड्यांचा आहे. छोट्या ट्रॅक्टरमागे आम्ही जी दोन चाकी ट्रॉली जोडतो, ती २०१९ मध्ये एका वीटभट्टीवरून जुनी विकत घेतली होती. साटा, म्हणजे माल भरायचा वरचा भाग, मजबूत होता, ॲक्सल सरळ होता, टायर बरे होते आणि किंमतही परवडणारी होती. त्यामुळे तिच्या पाट्यांकडे, म्हणजे हादरे झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांकडे, त्या वेळी कोणी बारकाईने पाहिले नाही. विटा आणि वाळू वाहण्यासाठी बनवलेल्या त्या ट्रॉलीला प्रत्येक बाजूला नऊ-नऊ पाट्यांची कमान होती आणि आम्ही तिच्यात एका खेपेला २४ क्रेट, म्हणजे जेमतेम पाचशे किलो माल भरत होतो. तीन टनांचे ओझे उचलण्यासाठी घडवलेल्या कमानीला पाचशे किलो जाणवतच नाहीत. रस्त्यावरचा प्रत्येक दणका चाकातून ॲक्सलला, ॲक्सलमधून साट्याला आणि साट्यातून थेट घडांना बसत होता.

परिणाम क्रेटच्या तळाशी दिसायचा. क्रेटमध्ये बबल शीट अंथरलेली असूनही पॅकहाऊसला पोहोचेपर्यंत देठापासून सुटलेल्या मण्यांचा थर तळाशी साचलेला असे आणि वरच्या मण्यांवरची पांढुरकी लव घासून गेलेली असे. मागच्या हंगामात एका खेपेचे सुटे मणी मी मुद्दाम वजन करून पाहिले, तेव्हा ते नऊ किलो भरले. त्यात एक गोष्ट सतत खटकत होती, ती म्हणजे उजव्या बाजूच्या क्रेटमधली मणीगळ डाव्या बाजूपेक्षा नेहमीच जास्त असे. रस्ता तोच, चालवणारा तोच आणि क्रेटही तेच असताना एकाच बाजूला नुकसान जास्त का, या प्रश्नामुळेच मी या हंगामाच्या तोंडावर ट्रॉली घेऊन महामार्गालगतच्या एका कमानपाटा वर्कशॉपमध्ये गेले.

त्याआधी मी एका वेल्डिंगच्या दुकानात चौकशी केली होती. गॅसच्या ज्योतीने पाटे तापवून त्यांची कमान उतरवून देतो, म्हणजे ट्रॉली आपोआप नरम होईल, असे तिथे सांगण्यात आले. हा सल्ला ज्यांना कोणी देईल त्यांनी तो मानू नये, असे मी कळकळीने सांगेन. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते, आणि वाकून परत मूळ जागी येण्याचा त्याचा गुण त्या प्रक्रियेतून आलेला असतो. उघड्या ज्योतीने तो भाग लाल केला की तो गुण तेवढ्या जागेपुरता नाहीसा होतो. मग पाटा नरम होत नाही, तर ओझ्याखाली बसतो आणि बसलेलाच राहतो, किंवा तापलेल्या आणि न तापलेल्या भागांच्या सीमेवर एक दिवस तुटतो. पाट्याला वेल्डिंग करणे किंवा नवे भोक पाडणे हेही याच कारणासाठी टाळायला हवे.

ज्या वर्कशॉपविषयी मी लिहीत आहे, ते पत्र्याच्या शेडमधले, दोन कारागिरांचे साधे ठिकाण आहे. बाहेर ट्रकच्या पाट्यांचे गठ्ठे रुंदीप्रमाणे लावून ठेवलेले असतात आणि नवे पाटे किलोवर विकले जातात. मी गेल्या गेल्या सांगितले की चार-चार पाटे काढून द्या, कारण घरून निघतानाच माझा तसा निश्चय झाला होता. मिस्त्रींनी ट्रॉलीखाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "ताई, पाटे काढायची घाई करू नका. ही कमान चालतच नाही, आधी ती चालती करू. मग बघू किती काढायचे ते." या एका वाक्यामुळे माझे पैसे वाचले, आणि पुढे जे निघाले ते पाहता कदाचित एखादा अपघातही टळला असेल.

तपासणी त्यांनी काहीही न खोलता सुरू केली. प्रत्येक कमानीच्या एका डोळ्यापासून, म्हणजे टोकाच्या गोल वळणापासून, दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणून, मधोमध दोरी आणि सर्वांत वरचा मुख्य पाटा यांच्यातील अंतर पट्टीने मोजले. डाव्या बाजूला ते ७० मिलिमीटर आणि उजव्या बाजूला ६२ मिलिमीटर भरले, म्हणजे उजवी कमान आठ मिलिमीटरने बसलेली होती. त्यानंतर ट्रॉलीच्या पुढच्या हुकापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे मोजली. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल झाले तर ॲक्सल एका बाजूला सरकतो, ट्रॉली तिरकी धावते आणि टायर एका कडेने झिजतात. तसे आमच्याकडे झालेले नव्हते.

मग माझ्या सूचनेवरून आम्ही एक प्रत्यक्ष चाचणी घेतली. खताच्या ५० किलोच्या दहा गोण्या मी घरूनच सोबत आणल्या होत्या. ट्रॉली रिकामी असताना दोन्ही बाजूंना ॲक्सलपासून चासीपर्यंतची उंची मोजली, गोण्या बरोबर ॲक्सलच्या वर मांडल्या आणि पुन्हा मोजले. डावी बाजू सहा मिलिमीटर दबली आणि उजवी फक्त तीन. जी कमान बसलेली होती तीच कमी दबत होती, हे मला आधी उलटे वाटले. मिस्त्रींनी मला मागच्या शॅकलकडे पाहायला सांगितले.

इथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. कमान दबते तेव्हा ती सपाट होते आणि सपाट होताना तिची लांबी वाढते. ती वाढलेली लांबी सामावून घेण्यासाठी तिचे मागचे टोक दोन पट्ट्यांच्या झुलत्या शॅकलवर टांगलेले असते. शॅकलची पिन गंजून बुशमध्ये, म्हणजे डोळ्यातल्या नळीत, घट्ट बसली की ते टोक हलत नाही आणि दोन्ही टोकांना आवळलेली कमान दबायला तयार होत नाही. आमच्या उजव्या शॅकलवर जुन्या मालकाने दिलेल्या हिरव्या रंगाचा थर पिन आणि पट्टी यांच्या सांध्यावर अखंड, एकही तडा न जाता टिकून होता. सांधा एकदाही हलला असता तर तो रंग भेगाळला असता. म्हणजे इतकी वर्षे ती शॅकल कधी हललीच नव्हती. डाव्या शॅकलवरचा रंग सांध्यापाशी उडालेला होता आणि तिथे लोखंड चकचकीत झाले होते. कोणत्याही जुन्या ट्रॉलीवर ही खूण कोणालाही पाहता येईल. त्यासाठी अवजार लागत नाही.

गोण्या उतरवून, चासी जॅकवर घेऊन आणि खाली लाकडी ठोकळे लावून दोन्ही कमानी खोलण्यात आल्या. पाटे एकमेकांपासून सहज सुटले नाहीत. छिन्नी घालून ते विलग करावे लागले आणि प्रत्येक फटीतून तांबड्या गंजाची भुकटी पडत राहिली. कमान अनेक पाट्यांची का करतात, तर प्रत्येक पाटा शेजारच्यावर थोडा घसरत स्वतंत्रपणे वाकावा म्हणून. एका पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे आठ मिलिमीटरचे नऊ पाटे सुटे वाकले तर एका पाट्याच्या नऊपट ताठर होतात. पण तेच नऊ पाटे जोडून ७२ मिलिमीटर जाडीचा एकसंध तुकडा झाला असता, तर तो एका पाट्याच्या ७२९ पट ताठर झाला असता. गंजाने पाटे एवढे पूर्ण सांधले जात नाहीत हे खरे, परंतु गंज वाढतो तशी कमान त्याच दिशेने सरकत जाते. म्हणूनच जुन्या ट्रॉलीचा कडकपणा पुष्कळदा पाट्यांच्या संख्येत नसून त्यांच्या मधल्या फटींत असतो, आणि पाटे न मोजता आधी ते साफ करावेत हा मिस्त्रींचा आग्रह मला पूर्णपणे पटला.

सर्व पाटे तारेच्या ब्रशने घासल्यावर त्यांनी जी परीक्षा केली ती मी प्रथमच पाहत होते. पाट्यांवर रॉकेल चोळून ते काही वेळ तसेच ठेवले, कोरड्या फडक्याने पुसून काढले आणि मग मधल्या भोकाच्या आजूबाजूला आणि डोळ्यांच्या वळणापाशी खडू घासला. पाटा धड असेल तर खडू पांढराच राहतो. पण तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते. उजव्या कमानीतील दुसऱ्या पाट्यावर, सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडे जाणारी केसाएवढी बारीक रेघ तीन-चार मिनिटांत दिसू लागली. सतरा पाट्यांवर काहीच उमटले नाही आणि या एकावर उमटले. ती कमान आठ मिलिमीटर का बसली होती, याचे उत्तर मला तिथे मिळाले. दुसरा पाटा हा मुख्य पाट्याचा खरा आधार असतो, आणि तोच पाटा तुटत असताना मी चार पाटे काढायला सांगत होते.

तो पाटा बदलला. ६० मिलिमीटर रुंद आणि आठ मिलिमीटर जाड असा नवा पाटा जोडीच्या पाट्याच्या मापाने कापला, त्याचे भोक थंड स्थितीत प्रेसवर पाडलेले होते आणि जुन्या पाट्याशी जुळेल इतकीच कमान त्याला थंड ठोकून दिली. वर मी पाट्याला नवे भोक पाडू नये असे लिहिले आहे, ते घरी किंवा रस्त्यावर गॅसने पाडल्या जाणाऱ्या भोकांविषयी आहे. चारही बुश आणि उजव्या शॅकलची पिन नवी घातली, प्रत्येक पाट्याला ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात दिला आणि सेंटर बोल्ट दोन्ही बाजूंचे नवे टाकले. जळके ऑइल लावण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण त्यावर धूळ बसून महिन्याभरात त्याचा लेप होतो, आणि तो लेप सहाण घासावी तसा पाट्यांना घासत राहतो.

पाटा मात्र त्या दिवशी एकही कमी केला नाही. त्याच दहा गोण्या पुन्हा चढवून मोजले, तर दोन्ही बाजू दहा-दहा मिलिमीटर दबल्या. उजवी बाजू तीनवरून दहावर आली होती आणि तीही सर्व नऊ पाटे जागेवर असताना. मिस्त्रींनी आठवडाभर अशीच ट्रॉली चालवून पाहायला सांगितले.

आठवड्यानंतर मी परत गेले, कारण फरक पडला होता, पण आमच्या मालाला तेवढा पुरेसा नव्हता. या वेळी प्रत्येक बाजूचे तीन पाटे काढायचे ठरले आणि कोणते काढायचे यावर त्यांनी चांगला वेळ घालवला. वरचे दोन पाटे कधीच काढायचे नाहीत. खालचे सलग तीन काढले तर उरलेल्यांच्या टोकाशी एकदम पायरी पडते आणि सगळा ताण एका रेषेवर येतो. म्हणून चौथा, सहावा आणि आठवा असे एकाआड एक काढले, म्हणजे लांबी टप्प्याटप्प्याने उतरत राहिली. जेवढी जाडी कमी झाली, तेवढ्याच २४ मिलिमीटर जाडीची, फक्त यू-बोल्टच्या पकडीपुरती लांब अशी पट्टी खाली बसवली, त्यामुळे ट्रॉलीची उंची आणि पुढच्या हुकाची पातळी फारशी बदलली नाही. दोन्ही बाजूंना तेच पाटे काढले आहेत ना, हे मी मोजून घेतले, आपणही घ्यावे. आता त्याच गोण्यांनी ट्रॉली सोळा मिलिमीटर दबते.

टायरकडे सर्वांत शेवटी लक्ष गेले, वास्तविक ते आधी जायला हवे होते. विटांच्या काळापासूनच्या सवयीने आम्ही टायरमध्ये ५५ पीएसआय हवा भरत होतो. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि खडीवरचे बारीक हादरे पाट्यांच्या आधी तोच गिळतो. पाचशे किलोंसाठी ३५ पुरे, असे मिस्त्रींनी सांगितले आणि आम्ही तेवढीच ठेवली. ज्यांना आजच काही करून पाहायचे असेल त्यांनी हवेपासून सुरुवात करावी, कारण त्याला खर्च येत नाही. मात्र जड ओझे भरण्याआधी हवा पुन्हा वाढवावी लागते, नाहीतर टायर तापून त्याच्या बाजू फाटतात.

बदललेल्या ट्रॉलीचा अनुभव सांगायचा तर पहिल्याच खेपेला सुटे मणी चार किलो निघाले आणि त्यानंतरच्या खेपांतही ते साडेतीन ते साडेचार किलोंच्या आसपास राहिले. उजवी आणि डावी बाजू यांतला भेद उरलेला नाही. मणीगळीला तोडणीची वेळ, घड हाताळण्याची पद्धत आणि ट्रॅक्टरचा वेग हीही कारणे असतात, म्हणून उरलेल्या चार किलोंचा दोष मी पाट्यांना देणार नाही. रिकामी ट्रॉली पूर्वी खड्ड्यातून उडायची आणि तिचा आवाज वस्तीपर्यंत ऐकू यायचा. तो आवाज आता येत नाही.

तोटेही झाले आहेत आणि ते आधीच माहीत असलेले बरे. पाट्यांचे एकमेकांवरचे घर्षण हादरा आवरण्याचे कामही करत असते, आणि अशा ट्रॉलीला शॉक ॲब्सॉर्बर नसतात. पाटे कमी केले आणि उरलेल्यांना ग्रीस लावले की तो आवर कमी होतो. खड्डा ओलांडल्यावर आमची ट्रॉली आता दोन-तीन वेळा वरखाली डोलते आणि वळणावर कलतेही जास्त. त्यामुळे क्रेटचा चौथा थर आम्ही बंद केला असून तीनच थर लावून ते दोरीने आडवे आवळतो. शिवाय ओझ्याची मर्यादा उतरली आहे. नवांपैकी सहा पाटे उरले म्हणजे ताकदही दोन तृतीयांश उरली, आणि ट्रॉलीचे स्वतःचे वजन धरता मिस्त्रींनी दीड टनाच्या वर काही भरू नका असे बजावले. तो आकडा आम्ही साट्याच्या पुढच्या फळीवर ठळक रंगवून घेतला आहे, कारण ट्रॉली शेणखतासाठी मागून नेणाऱ्या भाऊबंदांना आतले पाटे मोजता येत नाहीत.

सेवेविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली यू-बोल्टची. पहिल्या दिवशी जुनेच यू-बोल्ट पुन्हा वापरण्याचा त्यांचा विचार होता आणि आटे ताणलेले दिसत असूनही मला नव्यांसाठी आग्रह धरावा लागला. कमान ॲक्सलला धरून ठेवणारी ही एकच पकड आहे, ती सैल राहिली तर पाटे मधल्या भोकापाशीच तडकतात. आणि ज्या वर्कशॉपने नुकताच तसा तडा शोधून दाखवला त्यानेच इथे काटकसर करावी, हे मला पटले नाही. नव्या बोल्टचे नटही त्यांनी लांब पाइप लावून अंदाजाने आवळले, ठरावीक जोराने आवळण्याचा टॉर्क पाना तिथे नव्हता. दुसरी तक्रार हिशेबाची आहे. अंदाज आधी तोंडी मिळाला, बिल मागितल्यावर वहीच्या कागदावर मिळाले आणि त्यात पाट्याचे वजन लिहिलेले नव्हते, ते मी काट्यावर उभी राहून लिहून घेतले. दोन्ही खेपा मिळून मजुरी, नवा पाटा, बुश, पिन, चार यू-बोल्ट आणि ग्रीस यांचे ५,२०० रुपये झाले, आणि दुसऱ्या वेळची मजुरी त्यांनी आपणहून निम्मी घेतली. कामाची प्रत पाहता ही रक्कम मला रास्त वाटते.

काढलेले सहाही पाटे त्यांनी तारेने बांधून, कोणता कोणत्या बाजूचा हे खडूने लिहून परत दिले. भंगारात घालू का, असे विचारलेसुद्धा नाही, याची मी विशेष नोंद घेते, कारण नवे घ्यायचे तर ते किलोच्या भावाने पुन्हा विकत घ्यावे लागले असते. ते तेलाचा हात देऊन गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये आढ्याला टांगले आहेत.

नव्या यू-बोल्टचे नट शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे आणि पट्टी एकमेकांवर बसतात तशी पकड ढिली होते. निघताना मिस्त्रींनी प्रत्येक नटावर आणि खालच्या प्लेटवर मिळून एक-एक पांढरी रेघ ओढून दिली होती. चौदा खेपा झाल्यावर आम्ही घरीच पाना लावला, तेव्हा डाव्या बाजूचे दोन नट पाव फेरा फिरले आणि उजव्या बाजूचे जागचे हलले नाहीत. त्या दोन नटांवर आम्ही नवी रेघ ओढली असून तोडणी संपली की ती पुन्हा पाहणार आहोत.